बारापैकी आठ: फ्लोरिडाच्या विधिमंडळाला खुले पत्र

प्रति,
फ्लोरिडा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे सन्माननीय सदस्य,
टॅलाहासी.

सविनय नमस्कार.

आपल्या दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या आणि २० एप्रिल २०२३ रोजी राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी सही केलेल्या कायद्याविषयी हे पत्र आहे. बाराच्या बारा ज्यूरर, म्हणजे खटल्याचा कौल देण्यासाठी बोलावलेले सामान्य नागरिक, एकमताने म्हणत असतील तरच मृत्युदंडाची शिफारस करता येईल, हा या राज्यातला नियम त्या दिवशी गेला आणि बारांपैकी आठ जणांचे मत पुरेसे ठरले. मृत्युदंड ठेवणाऱ्या राज्यांपैकी दुसऱ्या कोणत्याही राज्याने हा आकडा इतका खाली आणलेला नाही. अलाबामात दहा मते लागतात. बहुतेक इतर राज्यांत आणि संघराज्याच्या न्यायालयांत सर्वांचे एकमत लागते.

मी मूळची साताऱ्याची. गेली सव्वीस वर्षे मध्य फ्लोरिडात राहते, एका कंपनीत हिशेबाचे काम करते आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ या देशाची नागरिक आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयांकडे रीतसर पाठवली आहे. मराठीत ते मुद्दाम लिहिते आहे, कारण ऑरलँडो, टॅम्पा, जॅक्सनव्हिलच्या आसपास राहणाऱ्या, इथे मतदान करणाऱ्या मराठी माणसांच्या हातीही ज्यूरीचे समन्स पडते आणि आपल्या मताचे आता काय होते हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. गणपतीच्या आरतीनंतर किंवा मंडळाच्या जेवणावेळी हा विषय मी अनेकदा काढला. “तो वकिलांचा प्रश्न आहे,” असेच उत्तर बहुतेक वेळा मिळाले. तो वकिलांचा प्रश्न नाही. ज्यूरीच्या खोलीत वकील नसतात, तिथे आपणच असतो.

मी त्या खोलीत एकदा बसले आहे. तो खटला मृत्युदंडाचा नव्हता, चोरीचा होता. आपल्या राज्यात मृत्युदंडाच्या गुन्ह्यांखेरीज बाकीच्या फौजदारी खटल्यांना सहाच ज्यूरर असतात, आणि दोषी ठरवायला त्या सहांचेही एकमत लागते. चक्रीवादळानंतरच्या आठवड्यात एका घराच्या मागच्या शेडमधून जनरेटर चोरीला गेला होता. समोर राहणाऱ्या साक्षीदाराने शपथेवर सांगितले होते की, शेडच्या दारावरच्या दिव्याखाली त्याने आरोपीचा चेहरा स्पष्ट पाहिला. दुपारी आम्ही सहा जण लांबट टेबलाभोवती बसलो, फोन बाहेर जमा केलेले, दाराशी बेलिफ उभा. पहिल्या वीस मिनिटांत पाच जणांनी ‘दोषी’ म्हणून हात वर केले. त्या पाचांत मी होते. घरी दूध विरजायचे राहिले आहे, असा विचारही तेव्हा माझ्या मनात येऊन गेला होता, हे मला आजही आठवते.

सहाव्या होत्या शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या एक वयस्क बाई. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत, वादही घातला नाही. त्यांनी फक्त फिर्यादीची साक्ष पुन्हा आठवायला सांगितली. घरमालक म्हणाला होता की, तीन दिवस रस्त्यावरची वीज गेलेली होती आणि पेट्रोल मिळत नसल्यामुळे जनरेटर शेडमध्ये बंद पडून होता. बाईंनी विचारले, “वीज नव्हती, जनरेटरही बंद होता, मग दारावरचा दिवा कशावर लागला?” बचावाच्या वकिलाने हे आपल्या भाषणात ओझरते सांगितले होते, आम्ही पाचही जणांनी ते ऐकून सोडून दिले होते. आम्ही फोटो पुन्हा मागवले, टिपणे काढली, आणि साडेतीन तासांनी सहाही जणांनी ‘निर्दोष’ असा निर्णय दिला. सहांपैकी पाच मते पुरेशी असती, तर अर्ध्या तासात मी एका माणसाला तुरुंगात पाठवून घरी गेले असते आणि त्या रात्री शांत झोपलेही असते.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार इथूनच सुरू होते. जनरेटरच्या चोरीसाठी या राज्याला सहापैकी सहा माणसे लागतात. माणसाचा जीव घ्यायचा की नाही हे ठरवताना बारांपैकी चार जणांनी नकार दिला तरी चालते. दोष सिद्ध करायला आणि शिक्षा गंभीर करणारी किमान एक बाब सिद्ध करायला तिथेही एकमत लागते, हे मला माहीत आहे, आणि आपल्यापैकी काही जण हेच उत्तर देतील. परंतु सगळ्या खटल्यात जो निर्णय पुन्हा फिरवता येत नाही, तो शेवटचा निर्णय. आणि नेमक्या त्याच ठिकाणी आपण अट सैल केली आहे. शिवाय अट सैल केल्याने केवळ मोजणी बदलत नाही, खोलीतले बोलणेही बदलते. आठ हात वर झाले की उरलेल्या चौघांचे ऐकण्याची गरज संपते. आमच्या त्या बाईंचा प्रश्न आम्ही ऐकला, कारण त्यांचे मत मिळाल्याशिवाय आम्हाला उठता येत नव्हते. आम्ही सज्जन होतो म्हणून ऐकला, असे मी म्हणू शकत नाही.

हा कायदा कोणत्या दुःखातून आला, ते मी विसरलेले नाही. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पार्कलंडच्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये गोळीबारात १४ विद्यार्थी आणि ३ कर्मचारी मारले गेले. माझी मुलगी त्या वर्षी दुसऱ्या काउंटीतल्या शाळेत नववीत होती. त्या दुपारी तिच्या शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेत मी होते, आणि तिला गाडीत बसलेली पाहीपर्यंत माझ्या हातापायांत त्राण नव्हते. ज्यांची मुले गाडीत येऊन बसलीच नाहीत, त्यांना काय वाटावे हे सांगण्याचा मला कसलाही अधिकार नाही. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी बारांपैकी तीन ज्यूररांनी मृत्युदंडाला नकार दिल्याचे समोर आले आणि आरोपीला पॅरोलविना जन्मठेप होणार हे ठरले, तेव्हा त्या आईवडिलांनी न्यायालयाबाहेर जो संताप व्यक्त केला तो मी टीव्हीवर पाहिला आणि तो मला परका वाटला नाही. त्यांच्यापैकी कोणाशीही माझा वाद नाही. माझा वाद आपल्याशी आहे. त्या निकालानंतर काही महिन्यांतच आपण सगळ्या राज्याचा नियम बदललात, आणि तोही असा बदल, ज्याचा पार्कलंडच्या खटल्यावर काडीचाही परिणाम होणार नव्हता, कारण तो निकाल लागून गेलेला होता.

विधेयकाच्या बाजूने वारंवार सांगितले गेले की, एखाददुसरा हटवादी ज्यूरर सगळ्या समाजाची इच्छा अडवून धरतो. हे ऐकताना सामान्य माणसाला वाटते की, मृत्युदंडाच्या मुळातच विरोधात असलेली माणसे ज्यूरीत घुसून बसतात. तसे घडू दिले जात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ च्या विदरस्पून निकालापासून या देशात नियम असा की, केवळ मनात किंतु आहे म्हणून कोणाला ज्यूरीतून काढता येत नाही, पण काहीही झाले तरी मी मृत्युदंड देणार नाही असे म्हणणाऱ्याला काढता येते. १९८५ मध्ये, तेही फ्लोरिडातूनच गेलेल्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ही चाळणी आणखी सोपी केली: कर्तव्य बजावण्यात ज्याच्या मतांचा मोठा अडथळा येईल, त्यालाही वगळता येते. म्हणजे पार्कलंडच्या ज्यूरीतले ते तिघेही या चाळणीतून आलेले होते. गरज पडल्यास मृत्युदंडाचा विचार करू, असे शपथेवर सांगून ते त्या खुर्च्यांवर बसले होते. महिनोन्‌महिने पुरावा ऐकून त्यांनी नकार दिला. अशा माणसांच्या नकाराला हटवादीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ती चाळणी मी स्वतः अनुभवली आहे. नवा कायदा आल्यानंतर मला दुसऱ्यांदा समन्स आले, आणि या वेळी खटला मृत्युदंडाचा निघाला. न्यायालयाचे आणि काउंटीचे नाव मी घेत नाही. तिथल्या कोणाही व्यक्तीने माझ्याशी अनुचित वर्तन केले नाही. आम्हाला एकेकाला विचारण्यात आले की, कायदा आणि पुरावा तसा असेल तर मृत्युदंडाच्या बाजूने मत देता येईल का. मी म्हणाले, मला ते फार जड जाईल, पण मी ऐकेन आणि विचार करेन. मग मी एक प्रश्न विचारला: आठ जणांचे मत झाले आणि मी उरलेल्या चौघांत असले, तर माझे म्हणणे मांडायला मला वेळ मिळेल का? उत्तर मिळाले ते विनम्र होते, पण त्यातून मला काही कळले नाही. दुपारच्या सुट्टीनंतर वगळलेल्यांच्या यादीत माझा क्रमांक वाचला गेला. कारण सांगण्याची तिथे पद्धत नाही. पार्किंगमध्ये गाडीत मी बराच वेळ बसून राहिले. ज्यांच्या मनात किंतु आहे त्यांतल्या अनेकांना दाराबाहेर ठेवायचे, आणि तरीही आत कोणाच्या मनात तो निर्माण झालाच, तर चौघांपर्यंत तो मोजायचा नाही. एकाच किंतूला दोनदा बाहेर काढण्याची ही व्यवस्था आहे.

आता आकड्यांकडे येते, कारण हिशेब हे माझे रोजचे काम आहे. २०१६ च्या आधी या राज्यात ज्यूरीच्या साध्या बहुमताची, म्हणजे सात विरुद्ध पाच मतांची शिफारसही चालत असे आणि अखेरचा निर्णय न्यायाधीश करीत. १२ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत आठ विरुद्ध एक अशा मतांनी घटनाबाह्य ठरवली, आणि ज्या खटल्यात ती ठरवली त्या खटल्यातली ज्यूरीही सात विरुद्ध पाच अशीच विभागलेली होती. त्यानंतर मार्चमध्ये आपण दहाचा आकडा आणलात. ऑक्टोबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमत हवे असे सांगितले आणि २०१७ मध्ये आपण स्वतः बाराचा कायदा केलात. जानेवारी २०२० मध्ये, न्यायाधीश बदलल्यानंतर, त्याच राज्य न्यायालयाने आपला निर्णय मागे घेतला, आणि २०२३ मध्ये आपण आठवर आलात. सात, दहा, बारा, आठ. सव्वासात वर्षांत चार आकडे. गुन्हा तोच, पुरावा तोच, पण माणूस जगेल की मरेल हे त्याच्या सुनावणीची तारीख कोणत्या वर्षात पडली त्यावर ठरते. माझ्या कचेरीत एखाद्या बिलाचा दर असा चार वेळा बदलला असता, तर लेखापरीक्षकाने खुलासा मागितल्याशिवाय वही मिटली नसती.

यातच एक तारीख अशी आहे की जी बहुतेकांना ठाऊक नाही: २४ जून २००२. त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲरिझोनातल्या एका खटल्यात मान्य केले की, मृत्युदंडासाठी लागणारी गंभीर बाब सिद्ध झाली की नाही हे न्यायाधीशाने नव्हे, ज्यूरीने ठरवायचे. पुढे एकमताचा नियम आला, तेव्हा फ्लोरिडाच्या न्यायालयाने ज्यांची शिक्षा त्या तारखेनंतर कायम झाली त्यांनाच त्याचा फायदा दिला. त्याआधी कायम झालेल्यांची ज्यूरी सात-पाच अशी विभागलेली असली, तरी त्यांची शिक्षा तशीच राहिली. आणि ज्यांना फेरसुनावणी मिळाली पण ती २०२३ पूर्वी झाली नाही, त्यांच्यावर आता आठ मतांचा नियम लागू केला जात आहे. एकाच तुरुंगाच्या एकाच ओळीतल्या कोठड्यांत बसलेल्या माणसांना वेगवेगळे कायदे लागू आहेत. २०२५ मध्ये या राज्याने एका वर्षातल्या मृत्युदंडांचा आपला आधुनिक काळातला उच्चांक गाठला. त्या वर्षी ज्यांचा जीव घेतला गेला त्यांपैकी काहींच्या ज्यूरीत एकमत नव्हते, ही गोष्ट आपल्यापैकी किती सदस्यांनी तपासून पाहिली, हे मला जाणून घ्यायचे आहे.

चुका होतात की नाही, यावर वाद घालण्याची गरज उरलेली नाही. १९७३ पासून फ्लोरिडात मृत्युदंड सुनावलेली किमान ३० माणसे पुढे निर्दोष म्हणून सुटली. देशातल्या दुसऱ्या कोणत्याही राज्याचा आकडा एवढा मोठा नाही. यांपैकी ज्या खटल्यांतल्या ज्यूरीच्या मतांची नोंद उपलब्ध आहे, त्या बहुतेकांत एक तर ज्यूरी विभागलेली होती किंवा ज्यूरीने जन्मठेप सुचवलेली असताना न्यायाधीशाने मृत्युदंड दिला होता. त्या खोल्यांत कोणीतरी ‘नाही’ म्हटले होते. पुढे ते ‘नाही’ बरोबर ठरले, पण मधली दहा, पंधरा, वीस वर्षे त्या माणसांनी कोठडीत काढली. एवढी नोंद समोर असताना एकमताची अट काढून टाकणे मला समजू शकत नाही.

दुसऱ्या एका गोष्टीचीही मला आठवण करून द्यावीशी वाटते. २० एप्रिल ही तारीख या देशाच्या न्यायालयीन इतिहासात आधीपासून आहे. २०२० मध्ये त्याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाविरुद्धच्या रामोस खटल्यात निर्णय दिला की, गंभीर गुन्ह्यात कोणालाही दोषी ठरवायला ज्यूरीचे एकमत हवेच. त्या निकालपत्रात लुइझियानातल्या बहुमताच्या नियमाचा उगम सांगितला आहे: १८९८ च्या घटना परिषदेत हा नियम आला तो ज्यूरीत एखाददुसरा काळा नागरिक बसलाच तर त्याचे मत निरुपयोगी व्हावे यासाठी. आपला हेतू तसा होता असा आरोप मी करीत नाही. पण नियमाचा परिणाम हेतू विचारून होत नाही. बारा जणांच्या ज्यूरीत काळे नागरिक बऱ्याचदा एक किंवा दोन असतात. माझ्यासारखी, आईशी फोनवर मराठीत बोलणारी आणि इंग्रजीत थोडी अडखळणारी, फार तर एखादी असते. आठची अट आम्हाला सांगते की, तुम्ही बसा, ऐका, पण तुमच्याशिवायही काम होईल.

मराठी माणसाला ज्यूरी म्हटले की मुंबईचा नानावटी खटला आठवतो. १९५९ मध्ये नऊ ज्यूररांपैकी आठ जणांनी त्या नौदल अधिकाऱ्याला निर्दोष म्हटले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पुराव्याशी इतका विसंगत वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे खुनाचा दोष सिद्ध झाला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. वृत्तपत्रांनी आणि रस्त्यावरच्या गर्दीने तापवलेल्या शहरात नऊपैकी आठ माणसे वाहून गेली होती. भारतात ज्यूरी पुढे बंद झाली, आणि ती बंद व्हायला हवी होती की नाही यावर माझे मत निराळे आहे. पण आठ हात एका दिशेला वर झाले म्हणजे शंका संपली, असे निदान आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना कोणी सांगू नये.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, साताऱ्याच्या न्यायालयात कारकून होते. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, की सगळे दफ्तर बांधून ते मुंबईला उच्च न्यायालयाकडे जात असे, कारण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय भारतात फाशीची शिक्षा अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी दफ्तर जातेच. दोन न्यायमूर्ती ते पाहतात, आणि त्यांचे मत जुळले नाही तर प्रकरण तिसऱ्यापुढे जाते. अण्णा त्या दफ्तरावरची लाल फीत दोनदा गाठ मारून बांधत आणि पानांचे क्रमांक स्वतः तपासत; ते काम शिपायावर सोपवत नसत. आणि इतकी काळजी घेऊनही तिथे काय घडले, तेही मी लपवणार नाही. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. त्यांतल्या तिघांची शिक्षा उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणलेली होती, ती पुन्हा फाशीवर नेली गेली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. अनुभवी न्यायमूर्तींचे एकमत असताना ही चूक झाली. मग माझ्यासारख्या हिशेबनिसाला आणि तुमच्या शेजारच्या सुताराला एकमताशिवाय हे ठरवू द्यायचे कोणत्या विश्वासावर?

आणखी एक तक्रार थोडक्यात नोंदवते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपण असा कायदा केलात की, या देशात कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या माणसाने मृत्युदंडाचा गुन्हा केल्याचे सिद्ध झाले, तर त्याला मृत्युदंडच द्यायचा, ज्यूरीने शिक्षेचा विचार करायचाच नाही. सक्तीचा मृत्युदंड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच घटनाबाह्य ठरवला आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८३ मध्ये तेच केले. आठ ज्यूरर पुरेसे मानले, आणि दोन वर्षांत एकही नको असे म्हणण्यापर्यंत आपण पोहोचलात. या वाटेने पुढे जाऊ नका, अशी मी हात जोडून विनंती करते.

माझ्या मागण्या अशा आहेत. २०१७ च्या कायद्यातली एकमताची अट पुन्हा आणा: बाराच्या बारा ज्यूररांनी म्हटल्याशिवाय मृत्युदंडाची शिफारस होऊ नये, आणि एकमत झाले नाही तर पॅरोलविना जन्मठेप व्हावी. एप्रिल २०२३ नंतर विभागलेल्या ज्यूरीच्या शिफारशीवर ज्यांना मृत्युदंड सुनावला गेला, त्यांची शिक्षा पॅरोलविना जन्मठेपेत बदला. २४ जून २००२ ची रेषा पुसून टाका. ज्यांच्या शिक्षेमागे कधीच एकमत नव्हते, त्यांच्या प्रत्येक प्रकरणाचा फेरविचार होईपर्यंत मृत्युदंडाची अंमलबजावणी थांबवावी, असा ठराव करून तो राज्यपालांकडे पाठवा. सक्तीच्या मृत्युदंडाची तरतूद रद्द करा. मृत्युदंडाच्या प्रत्येक खटल्यात ज्यूरीची मते कशी विभागली गेली याची नोंद एका ठिकाणी, कोणालाही पाहता येईल अशी ठेवा. आज ती शोधायला माझ्यासारखीला एकेका निकालपत्रात डोके घालावे लागते. आणि जे ज्यूरर अशा खटल्यात बसतात, त्यांना खटला संपल्यावर समुपदेशनाची सोय राज्याच्या खर्चाने द्या, मग त्यांनी मत कोणतेही दिलेले असो.

यांतल्या एकाही मागणीने कोणी गुन्हेगार तुरुंगाबाहेर येत नाही. या राज्यात पॅरोलविना जन्मठेपेचा अर्थ तुरुंगातच मरणे असा आहे. म्हणून सुरक्षिततेचे कारण पुढे करू नये.

माझ्या मतदारसंघातल्या दोन्ही प्रतिनिधींना मी या पत्रासोबत एक स्वतंत्र चिठ्ठी पाठवली आहे. तिच्यात एकच प्रश्न आहे: बारांपैकी ज्या चौघांनी ‘नाही’ म्हटले, त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला आपल्या कायद्याने कोणाला बांधले आहे? त्याचे उत्तर मला लेखी हवे आहे, आणि ते आल्यावर मी ते इथेच, मराठीत, जसेच्या तसे छापेन.

आपली,
मध्य फ्लोरिडातील एक मतदार आणि माजी ज्यूरर